तिसरा पापा

मोंब्राक,
ऑगस्टचा शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप ओदेत आत्यास,

तुझ्या डाव्या गालाला एक आणि उजव्या गालाला एक असे रीतसर दोन पापे. आतोबांनाही तेवढेच, पण त्यांनी दाढी केलेली असेल तरच.

तुझा खोकला आता कसा आहे? आतोबांचा गुडघा जिने चढू देतो का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आई जर्दाळूचा मुरंबा करते आहे, त्यामुळे घरातली दारांची हँडलंसुद्धा चिकट झाली आहेत. बाबांच्या टॉकीजमधलं यंत्र म्हातारं झालं आहे आणि दर खेळाला एकदा तरी मान टाकतं. 'पोरगं हल्ली अबोल झालंय म्हणे, काय झालंय त्याला?' असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. आईच्या मते मला जंत झाले आहेत. बाबांच्या मते वय झालं आहे (म्हणजे माझं, पंधरा). खरं काय ते फक्त तुला लिहितो आहे. या पत्रात मागणं असं काहीही नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण सायकलच्या वेळेपासून माझं पत्र आलं की आतोबा पैशांचं पाकीट लपवतात असं ऐकलं.

आत्या, मी प्रेमात पडलो आहे. तिचं नाव सोलांज. आपल्या औषधवाल्या मादाम फाब्रे आहेत ना, त्यांची भाची. मांदकडची आहे, अठरा वर्षांची, आणि उन्हाळाभर मावशीच्या दुकानात गोळ्या पुड्यांत बांधायला आली आहे. तिने एकदा माझ्याकडे नीट पाहावं, एवढंच मला हवं होतं.

आता प्रेम कसं करतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बाप टॉकीजवाला, आई मध्यंतरात आइस्क्रीम विकणारी, त्यामुळे इतर पोरं बाराखडी गिरवत होती तेव्हा मी आपले फ्रेंच प्रेमाचे सिनेमे फुकटात गिरवत होतो. त्यातलं माझ्या वयाचं पोर नेहमी मोठ्या मुलीवर प्रेम करतं आणि एक अक्षर बोलत नाही. अमेरिकन सिनेमात प्रेम फसलं तर माणूस निदान घोड्यावर बसून कुठेतरी जातो; आपल्याकडे तो खिडकीशी बसतो. मग समुद्राकडे बघतो. मग ती मुलगी त्याच्याकडे एकदाच वळून बघते, पियानो वाजतो, आणि दिवे लागतात. (त्याची आई मागून 'शेंगा कोण निवडणार, तुझा आजा?' असं ओरडत नाही. हे कसं जमवतात, मला अजून कळलेलं नाही.)

तर जूनच्या शेवटी आई मला घेऊन दुकानात गेली आणि मादाम फाब्रेंनी ओळख करून दिली. मी रिवाजाप्रमाणे पुढे झालो. आपल्याकडे दोन पापे. डावा, उजवा, संपलं. पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी दोन घेऊन मागे सरलो. सोलांज मात्र मागे सरली नाही. ती आणखी पुढे आली आणि डाव्या गालावर तिसरा पापा देऊन गेली, तोही भरदुकानात, खोकल्याच्या औषधांच्या साक्षीने. आत्या, मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही. आई म्हणते, खांबावर आपटत आलो.

त्या एका पाप्यावर मी पुढचे पंधरा-वीस दिवस काढले. डावा गाल धुणं बंद केलं. आपल्याला काही बोलायची गरजच नाही, तिने सगळं सांगून टाकलं आहे, आता फक्त सिनेमातल्यासारखं गप्प राहून बघत राहायचं, असं मी ठरवलं. दुकानासमोरच्या कारंज्यावर बसून मी इतकं बघितलं की मादाम फाब्रेंनी आईला विचारलं, पोराला पोट साफ व्हायचं औषध हवं आहे का, मागायला लाजतो वाटतं.

मग चौदा जुलैचा राष्ट्रीय सण आला. अग्निशामक दलाचा नाच चौकात होता, तुला माहीतच आहे. सोलांज पांढऱ्या पोशाखात आली आणि सगळ्यांना भेटू लागली. तिने नगराध्यक्षांना तीन पापे दिले. मग पाद्रीबुवांना तीन. बंबवाल्यांची तर अख्खी रांग उभी होती, प्रत्येकाला तीन. शेवटी खाटीक ग्रांजाँ आला, ज्याच्या मिशीला कायम सॉसेजचा वास येतो, आणि त्यालाही तीनच, डावा, उजवा, डावा. खाटीक पण माझ्यासारखाच दोनवर थांबून मागे सरला होता, आणि तिसरा मिळाल्यावर माझ्यासारखाच लाल झाला. तेव्हा त्याची बायको म्हणाली, "मेल्या, हुरळू नकोस. मांदकडे तीनच देतात."

सगळ्या गावाला हे ठाऊक होतं आणि मला कुणी सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं, आत्या. विनोद बाजूला ठेवून सांगतो, रडलोसुद्धा. नंतर गाल धुतला.

आता दुःख झालं म्हणजे समुद्राकडे बघायला हवं. आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून ओढ्याकडे बघायला गेलो. तिथे मस्यू बार्दू गळ टाकून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "काय रे, कोण मेलंय का?" मी म्हटलं, नाही. "मग जरा तिकडे जाऊन उदास हो. तुझ्या सावलीनं मासे पळतायत." मी तिकडे गेलो, तर तिथे गाई होत्या. गाईंच्या देखत फार वेळ उदास राहता येत नाही. त्या फार जवळ येऊन बघतात.

यावरून मी एवढंच शिकलो की सिनेमातला मार्ग आपल्या गावात चालत नाही आणि बोलून टाकलेलं बरं. गेल्या रविवारी दुपारच्या खेळाला सोलांज एकटी आली. मी शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो (तिकीट काढून, कारण फुकट बसून असलं बोलणं बरं दिसत नाही). पडद्यावर एक पोरगं खिडकीशी बसलं होतं. पियानो जोरात वाजत होता. त्याच्या आडोशाने बोलावं असा बेत होता, आणि म्हणून मलाही मोठ्यानेच बोलावं लागलं. मी म्हटलं, "सोलांज, माझं तुझ्यावर प्रेम आहे." नेमकी तेव्हाच बाबांच्या यंत्राने मान टाकली. पियानो 'सोलांज'पाशी थांबला. उरलेलं वाक्य अख्ख्या टॉकीजने ऐकलं, आणि मग दिवे लागले.

मागून मादाम पुजोल म्हणाल्या, "पुन्हा बोल रे बाळा, इथवर नीट आलं नाही." त्यांच्या शेजारच्याने त्यांच्या कानात सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुणाचा? टॉकीजवाल्याचा? बरा आहे की." मध्यंतर नसताना आई आइस्क्रीमची पेटी गळ्यात घालून पडद्यापाशी उभी होती. ती एकदम मोठ्याने "व्हॅनिला, चॉकलेट" ओरडायला लागली. माझी आई जगात सगळ्यात चांगली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

सोलांज हसली नाही. माझ्याकडे वळली आणि अगदी नीट बघत म्हणाली, "मला वाटत होतं तू माझ्यावर चिडलायस. सगळा उन्हाळा कारंज्यावरून डोळे वटारून बघत होतास." मग म्हणाली, "रेजिस, माझं तसं नाहीये. खोटं कशाला सांगू? पण असं तोंडावर सांगणारा तू पहिलाच. बाकीचे नुसते मोपेड घुमवत जातात." मग तिने दोन आइस्क्रीमं घेतली आणि एक मला दिलं. बाबांनी यंत्र सुरू केलं, आणि ते खिडकीतलं पोरगं शेवटपर्यंत काही बोललं नाही. मला त्याची कीव आली.

खेळ संपल्यावर आम्ही दुकानापर्यंत चालत गेलो. इतका बोललो, इतका बोललो की माझा मलाच कंटाळा आला. ती ऐकत होती आणि मधूनच चिडवत होती. आत्या, नकार मिळालेल्या माणसाने इतकं हलकं वाटून घ्यावं का? मला वाटलं खरं. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वेळा पोटभर जेवलो, आणि आई जंतांचं औषध परत करायला गेली.

बाकी विशेष नाही. आतोबांना सांग, गुडघ्याला गरम वीट लावा. कळावे, लोभ आहेच, तो असू द्यावा.

तुझा भाचा,
रेजिस

ता. क. सोलांजला तिकडे क्लेर्मोंला नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे, पण वसतिगृह भरलं आहे. सप्टेंबरात खोली मिळाली नाही तर तिला मांदला परत जाऊन बापाच्या दुकानात खिळे विकावे लागतील. चालताना तिने हे सांगितलं, आणि ती रडत नव्हती म्हणून मला जास्त वाईट वाटलं. तुझी माडीवरची खोली, जी तू मला हायस्कूलसाठी देणार होतीस, ती तिला दे. मी शाळेच्या वसतिगृहात राहीन. तिथे कोबीचं सूप रोज असतं असं ऐकलं आहे, पण माझं ठरवून झालं आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग, तुझं ते ऐकतात.

ता. क. दुसरा. वसतिगृहातल्या मुलांना रविवारी नातेवाइकांकडे जेवायला सोडतात. मी येत जाईन. तुम्हा दोघांसाठी येईन. सोलांज त्या वेळी घरी असली तर असो.

ता. क. तिसरा. आई म्हणते, 'ती तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, विसर आता.' मी विसरतोच आहे. पण आई असंही म्हणाली की तू आतोबांपेक्षा पाच वर्षांनी मोठी आहेस. त्यांनी तुला पहिल्यांदा लग्नाचं विचारलं तेव्हा तू काय म्हणाली होतीस? नाही म्हणाली असशील, तर नंतर त्यांनी किती वर्षं वाट बघितली, तेवढं सविस्तर कळव. मी सहज विचारतो आहे.