अनंताची कुंडी

आबा,

मागच्या दारी रॉकेलच्या डब्यात लावलेलं लिंबाचं रोप गेले दोन महिने पिवळं पडत चाललं होतं. डबा गंजलेला, तळाच्या भोकातून मुळं बाहेर आलेली. ते मोठ्या कुंडीत हलवावं, विहिरीजवळच्या जमिनीत लावावं, की पाऊस सरेपर्यंत तसंच राहू द्यावं, हे मला ठरवता येत नव्हतं. आमचे हे तळेगाव स्टेशनातली पाळी संपवून आले की पायरीवर बूट काढता काढता मला त्या डब्यासमोर उभी बघायचे. एकदा म्हणाले, "एक तर लाव, नाहीतर टाकून दे. माळ्याची मुलगी ना तू?" मी हसले. आणि आत येऊन भाजी चिरायला बसले. माळ्याची मुलगी आहे म्हणूनच तर हात लावायची भीती वाटते, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात मी सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही सांगितलं.

लोणावळ्याच्या बंगल्यातली तुमची खोली अजून डोळ्यांपुढे आहे. मागच्या बाजूला, पत्र्याची, दाराशी तुमचं इरलं टांगलेलं. आई गेल्यावर तुम्ही तिथे एकटेच राहायचात. सेठ आणि बाईसाहेब मुंबईहून उन्हाळ्यात यायचे, मग दिवाळीला, आणि मधला सगळा पावसाळा बंगला तुमच्या एकट्याच्या हवाली. व्हरांड्याच्या पायऱ्यांशी तो अनंत होता, मोठ्या मातीच्या कुंडीत. बाईसाहेबांनी तो माहेराहून आणला होता. त्यांच्या आईनं लावलेलं झाड. आई वारल्यावर त्या घरातून त्यांनी एवढं एकच मागून घेतलं होतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. उन्हाळ्यात फुलं आली की त्या पायरीवर बसून राहायच्या, आणि तुम्ही तिकडे पाणी घालायला जायचंही टाळायचात.

मी पंचमीला माहेरी आले ते माझ्या लग्नाचं तिसरं वर्ष होतं. पाऊस असा की आठ आठ दिवस समोरचा डोंगर दिसत नव्हता. अनंताची पानं पिवळी पडत होती आणि तुम्ही हिवतापानं अंथरुणाला खिळलेले. गोधडीतून तोंड काढून तुम्ही म्हणालात, "बाकीच्या कुंड्या बघ. त्या अनंताला मातूर हात लावू नगंस. पावसात मुळं उगडी पाडायची न्हाईत. खालच्या भोकात काडी घाल, पाणी वाट काढंल. मी उठलो की बगतो."

मी हो म्हटलं. काडीही घातली, पाणी थोडं निघालंही. पण मला वाटत राहिलं की कुंडीच लहान झालीय. आबा, मी काही वाईट मनानं केलं नाही. सासरी मला चुलीवरचं भांडंसुद्धा विचारून उतरवावं लागे. इथे चार दिवस सगळी बाग माझ्या हातात होती, आणि तुम्ही उठाल तेव्हा ते झाड मोठ्या कुंडीत हिरवंगार उभं असेल आणि तुम्ही चकित व्हाल, असं मी मनात रंगवलं होतं. मोठी कुंडी व्हरांड्यात आणून ठेवली. जुनी आडवी केली, कडेनं खुरपं फिरवलं आणि बुंधा धरून ओढला. निघेना. पाय रोवून पुन्हा ओढला. आतून कट् असा आवाज आला आणि झाड एकदम हातात आलं. चिखल झालेली माती सगळी गळून पडली. अंगठ्याएवढं जाड मूळ तुटून कुंडीतच राहिलं होतं.

त्या वेळी तुम्हाला हाक मारली असती तर तुम्ही तापातही उठून आला असता. काहीतरी केलं असतंत, फांद्या छाटल्या असत्यात, सावलीत ठेवलं असतंत. मी हाक मारली नाही. झाड परत त्याच कुंडीत उभं केलं, माती दाबली, वरचं शेवाळ आधी बाजूला काढून ठेवलं होतं ते जसंच्या तसं पसरलं, फरशी धुतली आणि मोठी कुंडी होती तिथे नेऊन ठेवली. मग हात धुवून तुमच्यासाठी पेज केली.

चौथ्या दिवशी तुम्ही उठलात. काठी टेकत आधी तिथेच गेलात. मी तुमच्या मागे उभी आहे. पानं लोंबलेली आहेत, तुम्ही एक पान बोटांत धरून बघताय. मग म्हणता, "पेंड जास्ती पडली माज्याकडनं."

ताप यायच्या आदल्या दिवशी तुम्ही सगळ्या कुंड्यांना एरंडीची पेंड घातली होती. मी म्हटलं, "पावसानं झालं असंल, आबा."

"न्हाई गं. पावसानं अशी येकदम मान टाकत न्हाई. मुळं जाळली मी."

मी तिथेच उभी होते. एवढं बोलायला किती वेळ लागला असता?

दिवाळीपर्यंत झाड वाळून गेलं. बाईसाहेब आल्या तेव्हा मी सासरी होते, मला हे तुमच्याकडूनच कळलं. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, काय झालं. तुम्ही सांगितलंत, माझ्या हातनं चूक झाली. त्या आत गेल्या आणि दुपारी जेवल्या नाहीत. महिन्याभरानं पुण्याहून दुसरा माळी आला. तुम्हाला कुणी काढलं नाही. फाटक उघडायचं, पाला झाडायचा, एवढं काम तुमच्याकडे राहिलं. बाईसाहेबांनी तुम्हाला कधी टोचून काही म्हटलं नाही. तुम्ही मात्र स्वतःला सोडलं नाहीत. पूर्वी टाकवे गावची माणसं आंब्याची कलमं बांधून घ्यायला तुमच्याकडे यायची. त्यांना तुम्ही परत पाठवू लागलात. एकदा मी समोर असताना तुमचे चुलत भाऊ आले होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "दुसऱ्या कुणाला तरी बोलीव. माज्या हाताचं आता काय खरं न्हाई." मी चुलीपाशी बसून भाकरी थापत होते. थापत राहिले.

त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं जगलात. मी दर वर्षी येत होते. दर वेळी ठरवून यायचे की या खेपेला सांगायचं. मग मनाची समजूत घालायची, की झाड तसंही मेलं असतं, पाणी मुळाशी साचलंच होतं. कदाचित ते खरंही असेल. पण म्हणून तुमच्या हातांवरचा आळ खरा होत नाही.

परवा माझी धाकटी म्हणाली, "आई, तू नुसती बघत बसतेस. मी काढते ते रोप." चौदा वर्षांची आहे. मी नको म्हणणार होते, पण म्हटलं, जमिनीत लाव, विहिरीच्या पलीकडे, सावलीत. आणि मी घरात निघून आले, मला बघवेना. थोड्या वेळानं ती दारात आली. चिखलाचे हात तसेच पुढे धरलेले.

"आई, एक मूळ तुटलं माझ्याकडनं. चांगलं जाड होतं."

बस, एवढंच. रडली नाही, लपवलं नाही. एका दमात सांगून मोकळी झाली आणि आता पुढे काय करायचं म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी उठले. तुम्ही शिकवलं होतंत तसं, जेवढं मूळ गेलं तेवढा शेंडा छाटला, रोप लावून वर पोतं टांगलं. आज सहावा दिवस. निम्मी पानं गळलीत, दोन फांद्या हिरव्या आहेत. जगेल असं वाटतंय. मुलगी ते केव्हाच विसरून गेली आहे.

म्हणून आज हे लिहायला बसले. लिहून झालं तसं वाटलं, तुम्ही असतात आणि हे टपालानं धाडलं असतं तर काय झालं असतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात आलेलं प्रत्येक पत्र तुम्ही माझ्यासाठी राखून ठेवायचात, मी आले की बंडीच्या खिशातून काढून द्यायचात आणि डोळे मिटून ऐकायचात. हेही तसंच माझ्याच हातात दिलं असतंत. आणि खरं सांगते आबा, मी ते उघडून, इकडे सगळे खुशाल आहेत, एवढंच वाचून दाखवलं असतं.