निरोपाच्या फोटोतलं हसू

पुणे,
१२ जुलै २०१९

प्रिय प्रेमला,

नमस्कार. मांजरी गावात तुझं बरं चाललंय असं धरून चालते. आठ महिन्यांत विचारलं नाही, म्हणून धरून चालावं लागतं.

शाळेची खुशाली सांगते. तुझ्या जागी आलेली मुलगी गणित छान शिकवते, फक्त भागाकाराला घाबरते. मुख्याध्यापकांच्या खोलीत एसी बसला. लिफ्टला निधी नाही, हे त्यांनी मला त्याच गारव्यात बसून सांगितलं.

काल त्यांनी बोलावलं. टेबलावर तुझ्या निरोप समारंभाचा फोटो होता. "बघा मंदाकिनीबाई, प्रेमलाबाई कशा हसतायत! जबरदस्तीने घालवलेलं माणूस असं हसतं का?"

नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढता येत नाही, असा कायदा आहे. तुझ्या तक्रारीवर अपंग कल्याण आयुक्तांची नोटीस आली, तेव्हा आपल्या शाळेला हे कळलं. आता तू स्वखुशीने गेलीस, असं मंगळवारच्या सुनावणीत मी सांगायचं आहे.

तू हसलीस ती माझ्या भाषणातल्या विनोदाला. स्वारगेटच्या अपघातात पाय गेलेल्या बाईला, तिने न दिलेल्या राजीनाम्याबद्दल शाल-श्रीफळ देणारी आपलीच शाळा. हार गळ्यात पडल्यावर "मी कुठे जातेय?" असं विचारायची आपल्यात पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी तू राजीनाम्यावर मुकाट्याने सही केलीस.

खुर्च्या लावताना बायडाबाई म्हणाल्या होत्या, "जिना चढवत न्हाई, तर वर्ग खाली आना की! हार कशापायी?" झाडलोट करणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?

वर्ग खाली आणता आला असता. मुख्याध्यापकांनी तसं विचारलंही होतं.

मला.

खालची एकच खोली, माझी पाचवी अ. एकोणीस वर्षं तिथे बसतेय. तुझी आठवी तिथे मावली असती. "माझे गुडघे दुखतात," म्हटलं. दुखत नव्हते. मी दर रविवारी पर्वती चढते.

मंगळवारी हेच सांगणार आहे. सकाळी मुख्याध्यापकांना तशी कल्पना दिली. ते म्हणाले, "बाई, निवृत्तीला तुमची चारच वर्षं राहिलीत." म्हटलं, "हो, मलाही मोजता येतात."

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील. समोरच्याचा मान राखायला तू कशावरही सही करतेस, हे मी एकदा पाहिलंय.

मंगळवारपर्यंत पाचवी अ ची वर्गशिक्षिका,
मंदाकिनी