दरडीतलं जुनं कूळ

धोंडाबाई नदीची दरड शेणाने सारवते आहे. अर्धी झाली. उरलेली होईतो हे लिहून घेतो.

संभाजीराव दाजींना दत्तोबाचा वाकून नमस्कार. अक्काचा गुडघा कसा आहे? (तेल पाठवतो म्हणालो होतो, पाठवीन.) आम्ही खुशाल आहोत, पण शेळगावात पुण्याचा एक प्रोफेसर आला आहे आणि माझा त्याच्यावर विश्वास नाही.

आठ दिवस हा गृहस्थ माझ्या शेताखालची नीरेची दरड टेप लावून मोजतो आहे. मोजणीवाला नाही म्हणतो. मग टेप कशाला? वर काळी माती, मग पिवळा गाळ, तळाला गोटे. एकेका थराला तो आकडा देतो, मातीच्या पुड्या बांधतो. काल गोट्यांतून त्याने दगडाची पाती काढली. म्हणाला, इथे माणूस राहत होता, थरांवरून केव्हा ते कळतं. (पातं म्हणजे अवजार. अवजार होतं म्हणजे कसत असणार.) किती वर्षं राहिला? हजारो, म्हणाला. गाळात काही सापडत नाही, म्हणजे पूर वाढल्यावर तो उठून गेला. काळ्या मातीच्या बुडाशी पुन्हा पाती. म्हणजे परत आला.

दाजी, तुम्ही बारामतीत वकिलाकडे बसता. नवा कूळकायदा तुम्हीच मला सांगितलात. पुरामुळे गेला आणि पाणी ओसरल्यावर आला, याला कब्जा सोडला म्हणायचं का? वारस किती असतील? मी त्या जुन्या कुळाचं नाव विचारलं तर प्रोफेसर हसला. नाव लपवणारा माणूस सरळ नसतो.

तेव्हा बायकोला म्हटलं, थरच दिसले नाहीत तर हा वाचणार काय? ती म्हणाली, "घर सारवायला शेण न्हाय, आन् आता नदी सारवू व्हय?" पण सारवते आहे.

आपला,
दत्तोबा

ता. क. जुन्या कुळाला परत यायला काही मुदत असते का, ते वकिलांना विचारावं. माझं नाव घेऊ नये.

आणखी एक. वर 'माझं शेत' लिहिलं आहे. ते तुमच्या प्रयागआत्याचं. चार वर्षं मी कसतो, म्हणून इंदापूरच्या कचेरीत कूळ म्हणून अर्ज दिला आहे. मागच्या पत्रात लिहायचं राहिलं.

पत्र टाकायचंही राहिलं. आज सकाळी प्रोफेसराने पाच मिनिटांत सारवण खरवडलं. आत्या दरडीवर आल्या. त्यांनी विचारलं, "ह्यो दत्तू यायच्या आधी हितं कुणी व्हतं का?" तो म्हणाला, होतं की. "मग तसं कागदावर लिवा." त्याने लिहून खाली सही केली. आत्या तो कागद घेऊन इंदापूरच्या कचेरीत गेल्या.