काकूंच्या फोनवरची शिट्टी

सर, तुम्ही जाऊन सात वर्षं झाली आणि मी अजून कुठेच टिकलेलो नाही. उल्हासनगरच्या आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गाळ्यात आता एक सिंधी शेठ जीन्स शिवून घेतो, कारागीर चांगले आहेत त्याच्याकडे, पण ते जाऊ दे. भरकटतोय. तुम्ही म्हणायचातच, "याला पोस्टात पाठवा, हा नदीवर सापडेल."

अंबरनाथच्या केमिकल कंपनीतल्या रिॲक्टरला आपण कंट्रोलर बनवला होता. त्याला तुम्ही मोडेम जोडलात. टेंपरेचर चढलं की डब्याने स्वतःच फोन लावायचा. बोलता कुठे येतंय त्याला, नुसती कर्कश शिट्टी. ट्रायलपुरता नंबर तुमचा घातला. तुमचा म्हणजे बदलापूरला शेजारच्या काकूंचा, पीपी. तुम्ही शनिवारपर्यंत फिटिंगसाठी कंपनीतच मुक्कामाला, म्हणून मला पिटाळलंत. "काकूंना सांग, शिट्टी आली तर ब्लँक कॉल म्हणून आपटू नका, भिंतीवर थाप मारा. मी लगेच कंपनीत फोन करून स्टीम बंद करायला लावतो." बावीस वर्षांचा घोडा मी. वाटेत चिखलोलीजवळ खड्ड्यात गेलेला टँकर क्रेनने काढत होते, ते बघण्यात दिवस घालवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "सांगितलंस ना?" सोल्डरवरून नजर न काढता मी म्हणालो, "हो."

रविवारी दुपारी फोन तीनदा वाजला. भिंतीपलीकडे तुम्ही जेवत होतात. काकूंनी तीनदा उचलला, तीनदा ठेवला. तिकडे कंपनीत रिॲक्टर उसळला, ड्युटीवरचा ऑपरेटर भाजला आणि तिसऱ्या दिवशी गेला. काकू तुमच्या दारात उभ्या आहेत, रडून डोळे सुजलेले. "अहो, मला कुणी काही सांगितलंच नाही हो!" आणि कधी कुणावर आवाज न चढवणारे तुम्ही ओरडता, "माझा पोरगा सांगून गेलाय. भटक्या आहे तो, खोटारडा नाही!" मी तुमच्या मागेच उभा आहे. काकू माझ्याकडे बघतात. मी चपलेकडे.

मग तुम्ही त्यांच्याशी बोलणंच टाकलंत. तुमच्या शेवटच्या दुखण्यात त्यांनी पेज पाठवली, तीही परत केलीत. भांडं मीच रिकामं करून नेऊन दिलं. "जेवले का रे थोडं तरी?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणालो.

काकू अजून त्याच घरात राहतात, सर. हे पत्र खरं तर त्यांना लिहायला हवं. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही वाचणार नाही.