उपवासाला चालणारी अमेरिका

बाबा, राजगिराही तिकडचाच निघाला.

हे ऐकायला तुम्ही नाही, आणि असतात तरी मी सांगितलं असतं की नाही याची मला खात्री नाही. तुम्हांला जाऊन बारा वर्षं होतील. मी सिंगापुरात, चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून हे लिहितोय. शनिवारची दुपार आहे, नात तुमची पोहायला गेली आहे, बायको तिच्याबरोबर. घरात कुणी नाही म्हणून लिहायला सुचलं म्हणा. कुणी असतं तर मी असलं काही करत बसलो नसतो, हे तुम्हांला माहीत आहे.

मिरजेतला तुमचा शनिवार मला नीट आठवतो. आईची सकाळची शाळा, त्यामुळे स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात. आदल्या संध्याकाळी भिजवलेला साबुदाणा तुम्ही दोन बोटांत दाबून बघता, मग दाणे भाजायला घेता. भाजलेले दाणे सुपात घालून गॅलरीत उभे राहता आणि फुंकर मारून सालं उडवता. ती सालं खालच्या काकूंच्या वाळवणावर पडतात आणि त्या खालून ओरडतात. पाटबंधारे खात्यात दिवसभर मान खाली घालून फायली लिहिणारा माणूस शनिवारी सकाळी मात्र राजासारखा वागायचा. काय चालतं आणि काय नाही याचा कायदा तुमच्या तोंडी होता: जिरं चालतं, कोथिंबीर चालत नाही, मिरची चालते, हळद नाही. का, असं विचारायचं नाही. ऑफिसातले लोक तुमच्या शनिवारच्या डब्याची वाट बघत. मी एकदा डबा द्यायला आलो होतो तेव्हा तीन जण आधीच चमचे घेऊन बसलेले पाहिले. तुम्हांला त्यातली जेमतेम चौथाई मिळाली असेल, पण तुम्ही फार खुशीत होता.

मी नववीत होतो. वाचनालयातून एक पुस्तक आणलं होतं, पिकं कुठून कुठे गेली याचं. सुट्टीच्या एका शनिवारी तुमचे ऑफिसातले दोघे घरी आले होते. खिचडी, बटाट्याचा कीस, उकडलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू असा थाट होता. मी मध्ये उभा राहून सांगून टाकलं की बटाटा अमेरिकेतला, दाणे अमेरिकेतले, मिरची, रताळं, साबुदाणा ज्याचा होतो तो कंदसुद्धा, सगळं तिथल्या मूळच्या लोकांचं, पोर्तुगीजांनी जहाजात घालून आणलेलं. "मग बाबा, त्याच्या आधी मारुतीच्या उपवासाला काय चालायचं?" पाहुणे खो खो हसले. एक जण म्हणाले, "अहो रावसाहेब, पोरानं तुमचा उपवास मोडला की!" तुम्हीही हसलात. मग मला विचारलंत, "पुस्तकात आहे का तसं?" मी हो म्हणालो. "मग असेल," तुम्ही म्हणालात, आणि ताटली खाली ठेवलीत. छापलेल्या शब्दावर तुमचा भारी विश्वास.

पुढच्या शनिवारी तुम्ही दूध, केळी आणि वरीच्या तांदळावर आलात. मिरचीच्या जागी मिरी. डबा बंद झाला. ऑफिसात तुम्ही सांगितलंत, पित्त होतं हो हल्ली. आमच्यासाठी खिचडी मात्र तुम्ही करतच राहिलात. चव घेता येत नव्हती म्हणून चमच्यात घेऊन मला द्यायचात, "मीठ बघ रे." मी बघायचो आणि सांगायचो. वीस वर्षं, मी घरी असेन तेव्हा, हे चाललं. राजगिऱ्याचं नाव त्या पुस्तकात नव्हतं, म्हणून मीही घेतलं नव्हतं. तेवढा लाडू तुमच्याकडे राहिला. (केळीसुद्धा मी आता राहतो त्या बाजूची आहेत, पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं. नाहीतर दुधावरच राहिला असतात.)

ही गोष्ट मी पुष्कळ वेळा सांगितली आहे. सिंगापुरातल्या मराठी मंडळींत उपवासाचा विषय निघाला की मी ती सांगतो, शेवटचं पित्ताचं तर फारच रंगवून. लोक हमखास हसतात. एवढं लांब आलेल्या माणसाकडे वडिलांची एक गमतीची गोष्ट असावी लागते, माझ्याकडे ही होती.

गेल्या महिन्यात तुमच्या नातीला शाळेत प्रोजेक्ट आलं. प्राचीन संस्कृती, तिच्या वाट्याला मेक्सिकोतले अझ्टेक. एक पदार्थही न्यायचा होता. आम्ही मॉलमधल्या वाचनालयातून दोन पुस्तकं आणली आणि त्यांत मला राजगिरा सापडला. चित्रात तोच तुरा, लालभडक. ते लोक त्याचं पीठ पाकात मळून देवाची मूर्ती करत, तिची पूजा करत आणि मग ती मोडून सगळ्यांना वाटत. स्पॅनिश पाद्र्यांना हे आपल्या चर्चमधल्या प्रसादाची नक्कल वाटलं आणि त्यांनी ते बंद पाडलं. मूर्तीच्या पिठात रक्त मिसळत असंही कुणी कुणी लिहून ठेवलंय. ते पान मी पोरीला वाचून दाखवलं नाही. मी लिटल इंडियात जाऊन राजगिरा आणला आणि लाडू वळले. तिनं डबा उघडून बघितला. "बाबा, धिस इज लाडू लाह," इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून ती म्हणाली. "टीचर म्हणेल मी रिसर्चच नाही केला." तिच्या मैत्रिणी चॉकलेट नेणार होत्या. मी म्हटलं, चॉकलेटही त्यांचंच, पण हे त्यांच्या देवाचं. नाइलाजानं सहा लाडू घेऊन गेली. उरलेले मी ऑफिसात नेले.

मी विद्यापीठाच्या संगणक विभागात आहे. आमच्या मजल्यावर मेक्सिकोहून आलेली एक पोस्टडॉक संशोधक मुलगी बसते, तिची आजी घरात अजून स्पॅनिशच्या आधीची भाषा बोलते. तिनं लाडू हातात घेतला, वास घेतला आणि खायच्या आधीच म्हणाली, "हे तुझ्याकडे कुठून आलं?" तिच्या आजीच्या गावात राजगिऱ्याच्या लाह्या मधात घालून वड्या थापतात, बाजारात मिळतात. बंदी आली तरी लोकांनी परसात पेरणं सोडलं नाही, असं तिनं सांगितलं. "तुम्ही हे केव्हा खाता?" उपवासाला, मी म्हणालो. तिला हे इतकं साहजिक वाटलं की मीच चकित झालो. "आमचे जुने लोकही उपवास धरायचे. मीठ आणि मिरची सोडायची, बाकी थोडंसं खायचं." म्हणजे बाबा, मिरची तुमच्याकडे चालायची आणि ज्यांची होती त्यांच्या उपवासाला नाही! हे ऐकून तुम्ही कायद्यात तेवढी दुरुस्ती केली असतीत.

मग मी सवयीनं तुमची गोष्ट सांगितली, पित्तासकट. ती हसली नाही. म्हणाली, "पण कुणीतरी शेकडो वर्षं जपलेलं अन्न ते देवासाठी खात होते. मग त्यात मोडलं काय?" एवढं साधं वाक्य नववीतल्या मुलालाही बोलता आलं असतं. "बाबा, कुठून का आलं असेना, तुम्ही मनापासून करता ना, चालतं." एका शनिवारी चमचा हातात असताना मी हे म्हणालो असतो तर तुम्ही छापील शब्द बाजूला ठेवला असतात, कारण तुमचा माझ्यावर पुस्तकापेक्षा जास्त विश्वास होता. मला वाईट वाटतं, बाबा. इतक्या वर्षांनी, एका परक्या मुलीसमोर, मला फार वाईट वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. पोरगी येईल तेव्हा मी ते मिटून माझ्या कागदांत ठेवीन, तिला मराठी वाचायचा तसाही कंटाळा येतो. फक्त एक राहिलं. त्या मेक्सिकोच्या मुलीनं शेवटी विचारलं होतं, "ते तुझ्या बोलण्यामुळे थांबले, हे तुला तेव्हा कळलं होतं का?" मी नाही म्हणालो. लहान होतो, पित्त खरंच वाटलं, असं सांगितलं. ते खोटं होतं. पहिल्याच शनिवारी मला कळलं होतं. तुम्ही चमचा पुढे केलात, मी खिचडी चाखली, मीठ बरोबर आहे म्हणालो, आणि आपण जिंकलो म्हणून मला आनंद झाला होता.