सुई माझी, मांडी शकूची

लिहून ठेवते ती मी, तुळसा मुरारी उतेकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार पोलादपूर, जिल्हा रायगड. माझ्या हृदयाची झडप बिघडली आहे, डोके बिघडलेले नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढच्या महिन्यात मुंबईला माझे ऑपरेशन ठरले आहे. तिथून मी धडधाकट परत येईन असे सगळे म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. म्हणून कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या मर्जीने, हे मृत्युपत्र वकील अम्बरीन मुकादम यांना तोंडी सांगून लिहवून घेत आहे. मी बोलेन तसेच उतरवावे, काही गाळू नये, असे मी त्यांना बजावले आहे.

गेल्या श्रावणात मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. का रद्द केले ते पुढे येईलच.

कलम १. घर. माझे पती मुरारी आणि त्यांचे धाकटे भाऊ यांनी हे घर मिळून बांधले व पुढे अर्धे अर्धे वाटून घेतले. दोघेही आता हयात नाहीत. एका बाजूला मी राहते, दुसऱ्या बाजूला माझी धाकटी जाऊ शकुंतला, जिला सगळे शकू म्हणतात. मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नाही. त्यामुळे तिचे हसणे मला चाळीस वर्षे ऐकावे लागले आहे. माझा अर्धा भाग माझ्या पश्चात शकूला द्यावा. आनंदाने देत नाही. पण भिंतीपलीकडे परके कोणी येऊन राहिले तर मांजराला जायला-यायला रस्ता उरणार नाही. या देण्याला कोणतीही अट नाही. रद्द केलेल्या मृत्युपत्रात होती.

कलम २. शिवणाचे मशीन, टेबल आणि दोन्ही कात्र्या शकूची मुलगी श्रुतिका हिला. मला मूलबाळ नाही. श्रुतिकाचा पहिला फ्रॉक मी शिवला आणि लग्नातले ब्लाउजही मीच शिवले. पण तो फ्रॉक घालून ती आईकडेच धावत गेली, हेही मला आठवते. मोठ्या कात्रीने तिने कागद कापू नये.

कलम ३. जुना हिशेब. हे कलम मालमत्तेचे नाही, असे अम्बरीनताई म्हणतात. माझ्या लेखी आहे.

आमच्या सासूबाई आनंदीबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचे सगळे मी केले. कूस मी बदलायची, पाठीची जखम मी धुवायची, कडू औषध मी पाजायचे. त्याआधी सांधे धरले होते तेव्हा त्यांना महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर मी घेऊन गेले, कमरेला धरून पाण्यात उतरवले. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "शकूनं पाठ चोळली असती तर बरं वाटलं असतं." शकू काय करायची? उशाशी बसून गावातल्या गमती सांगायची. सासूबाई गेल्या त्या तिच्या मांडीवर डोके ठेवून. गळ्यातली पुतळ्यांची माळही तिलाच दिली. मुरारीसुद्धा एसटीची ड्युटी संपवून आले की चहा माझ्या हातचा घ्यायचे आणि कप घेऊन जाऊन बसायचे भावाच्या ओटीवर, कारण तिथे शकूच्या नकला चालायच्या.

माळ मला नको आहे. फक्त नोंद असावी.

कलम ४. मांजर. माझ्या पदरी गवळण नावाची एक मांजरी आहे. पांढरी, पाठीवर तांबडे ठिपके. वय सोळा-सतरा. दुधाच्या पातेल्यावरचे झाकण पंजाने सरकवायची, म्हणून हे नाव. महाडच्या बाजारात भिजत पडलेली होती, ती मी ब्लाउजपीसच्या पिशवीत घालून मुरारींच्याच गाडीने घरी आणली. मुरारी म्हणाले, "घरात दोन कात्र्या आहेत त्या पुरेत की. आता नखं कशाला?" मी तिला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवली. आणि भिंत चढता येऊ लागल्याबरोबर ती कुठे गेली? भिंतीवरून पलीकडे. शकू तांदूळ निवडत बसली होती, तिच्या मांडीत जाऊन झोपली. शकूने तिला हाकसुद्धा मारली नव्हती.

तेव्हापासून जेवण माझ्याकडे आणि मांडी शकूची, असे चालले आहे. मी एकदा तोंडावर विचारले. शकू म्हणाली, "बाय, ती आपल्या पायानं येते. मी काय हाकलू तिला?" हाकलावे असेच मला वाटत होते, पण ते बोलता येत नाही.

कलम ५. आजार. गेल्या वर्षापासून गवळणीच्या किडन्या काम करेनाशा झाल्या आहेत. एक डोळा गेला आहे, दुसऱ्याने सावल्या दिसतात. दात नाहीत. मागचे पाय लटपटतात. महाडच्या डॉक्टरांनी सांगितले की हे बरे होणारे नाही, पण दिवसाआड पाठीच्या कातडीखाली सलाईन दिले तर ती सुखाने राहील. गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले किशोर सकपाळ आमच्या आळीत राहतात. त्यांनी मला सुई टोचायला शिकवले. "मीच येऊन देत जाईन," असेही ते म्हणाले. मी नको म्हटले. माझ्या मांजराला परका हात नको होता.

खिडकीच्या गजाला बाटली अडकवायची, गवळणीला टॉवेलात गुंडाळायचे, मानेमागची कातडी चिमटीत धरायची. सुई आत गेली की ती जे ओरडते ते ऐकवत नाही. सलाईन संपले की टॉवेलातून सुटते आणि धडपडत, भिंतीला घासत, शकूकडे जाते. आता भिंत चढता येत नाही म्हणून मागच्या दाराने जाते. शकू पदरात घेते आणि मला ऐकू येईल असे म्हणते, "आली गो माझी बाय. कोणी टोचलं माझ्या बायला?"

वर शकू तिला सुकट भरवते. खारट तिला विष आहे. मी बिनमिठाची उकडलेली मासळी बोटाने भरवायला जाते तर ती तोंड फिरवते. सुकट खाऊन मांजर आजारी पडते, मग सुई मला जास्त वेळा टोचावी लागते, मग ते आणखी माझा राग करते. मरेपर्यंत शकूने ही गोष्ट समजून घेतली नाही.

(येथे अम्बरीनताईंनी विचारले, कोणाच्या मरेपर्यंत? माझ्या. शकू मरायची नाही, तिला काही होत नाही.)

माझ्या पश्चात गवळणीला सुकट देऊ नये.

कलम ६. रद्द केलेले मृत्युपत्र. श्रावणात मला पहिल्यांदा धाप लागली तेव्हा मी लिहवून ठेवले की शकूला घर मिळेल, पण एका अटीवर. मांजराला सुई तिने स्वतःच्या हाताने टोचली पाहिजे. किशोरने नाही, श्रुतिकाने नाही, शकूनेच. घरासाठी ती हे करील की नाही ते मला बघायचे नव्हते. मला एवढेच हवे होते की गवळणीने एकदा तिच्याकडेही तसे बघावे जसे माझ्याकडे बघते. ते मृत्युपत्र मी शकूला मुद्दाम वाचून दाखवले. ती म्हणाली, "घराचं ऱ्हाऊ दे गो. माझ्यानं सुई व्हायची नाय." मला बरे वाटले.

त्यानंतर गणपती गेले आणि मला महाडच्या दवाखान्यात न्यावे लागले. आठवड्याहून जास्त राहिले. गवळणीचे काय झाले असेल याचाच मला घोर होता. किशोर भेटायला आले तेव्हा त्यांनी सांगितले, "मी गेलो होतो सुई द्यायला. शकूवहिनींनी मला दारातच थांबवलं. म्हणाल्या, बायनं लिवलंय मीच टोचायची, तर मी टोचीन." मग त्यांनी दारात उभे राहूनच तिला कसे टोचायचे ते सांगितले. पहिल्या दिवशी तिने सुई स्वतःच्या अंगठ्यात घुसवली. गवळण तिला चावली. दात नाहीत, तरी हिरड्यांनी चावली. शकू रडत होती आणि टोचत होती, असे किशोर म्हणाले. दुसऱ्या खेपेलाही रडली. पण चुकवले नाही.

मी घरी आले ती दुपारी. खाटेवर टेकले. गवळण पलीकडून निघाली, भिंतीला घासत, वास घेत, थांबत थांबत माझ्या पायाशी आली. वर चढता येईना, तर नख साडीत अडकवून लोंबकळली. मी उचलून घेतली. ती मांडीत गोल झाली आणि घुरघुरू लागली. सोळा-सतरा वर्षांत पहिल्यांदा.

मला वाईट वाटले असे कोणी समजू नये. एवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता. मी मान वर केली तेव्हा दारात शकू उभी होती. अंगठ्याला चिंधी, हातात सलाईनची नळी. तिने बघितले. म्हणाली, "आली का तुझ्याकडं? बरं झालं." आणि पलीकडे आपल्या घरात गेली. त्या दिवशी भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नकला नाहीत, हसणे नाही. चाळीस वर्षे जो आवाज बंद व्हावा असे मला वाटत होते, तो बंद झाला, आणि मला झोप लागेना.

गवळणीला माझी माया कधी नव्हती असे नाही, आणि शकूची जास्त होती असेही नाही. जो हात टोचतो त्याच्यापासून जीव लांब पळतो, एवढेच. सासूबाईंचेही तेच झाले असावे. हे मला आधी कळले असते तर त्या माळेचा एवढा विचार केला नसता. थोडा केला असता.

कलम ७. म्हणून पुढील व्यवस्था. दवाखान्यातून आल्यापासून माझा हात थरथरतो, तेव्हा सुई शकूच टोचते आणि गवळण माझ्या मांडीत असते. मी जिवंत असेपर्यंत हे असेच चालावे. मृत्युपत्रात जिवंतपणीची व्यवस्था लिहिता येत नाही, असे अम्बरीनताईंनी दोनदा सांगितले. लिहावी.

माझ्या पश्चात सुई किशोर सकपाळ यांनी टोचावी. सलाईन, सुया, डॉक्टर आणि किशोर यांची मेहनत, सगळा खर्च माझ्या पोस्टातल्या शिलकीतून व्हावा. गवळणीनंतर उरेल ते श्रुतिकाला. शकूने त्या दिवसापासून सुईला हात लावायचा नाही, बाटली धरायची नाही, किशोर येतील तेव्हा त्या खोलीतही थांबायचे नाही. पलीकडे आपल्या जागी बसून राहावे. मांजर सुटले की येईल.

कलम ८. गवळण माझ्याआधी गेली तर तिला माझ्या बाजूच्या परसात पुरावे, कढीलिंबाखाली. माझ्यानंतर गेली तर शकूला वाटेल तिथे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अम्बरीन मुकादम यांनी करावी. हे सर्व आज शकूला बोलावून, साक्षीदारांसमोर वाचून दाखवले. शेवटच्या कलमापर्यंत तिने ऐकले. मग म्हणाली, "मेल्यावर देतेस होय गो मांडी? जित्तेपणी अर्धी दे की."

मी नाही म्हटले. तेही लिहून घेण्यास सांगितले.

वरील मजकूर माझाच आहे, ऐकून बरोबर वाटला, म्हणून खाली सही करते. हात थरथरत असल्याने सही वाकडी आली आहे, पण ती माझीच आहे.

(सही) तुळसा मुरारी उतेकर

आम्ही दोघींनी तुळसाबाईंना शुद्धीत आणि एकमेकींसमोर सही करताना पाहिले. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार १: (सही) शरिफा जुल्फिकार करबेलकर, शेजारीण, पोलादपूर
साक्षीदार २: (सही) दिशा मोरे, शिक्षिका, पोलादपूर

ठिकाण: पोलादपूर, तुळसाबाईंची ओटी
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४