बाळूची मूठ

६ मार्च
नागलीचे पापड घालायचे दिवस आले. लहानपणी आई ओट्यावर पापड वाळत घालायची. राखणीला मी आणि माझा धाकटा भाऊ बाळू. कावळे हाकायचे काम माझे, अर्धे ओले पापड खिशात भरायचे काम त्याचे. आई ओरडली की खिशावर हात दाबून हसायचा. त्याची पन्नाशी उलटली, तरी समज तेवढीच राहिली.

आई गेल्यावर मीच त्याला मोखाड्याच्या रस्त्यावरच्या निवासी संस्थेत ठेवले. माझे गुडघे, त्याची आंघोळ, झेपत नव्हते. कारणे खरी आहेत. तरी...

९ मार्च
भेटून आले. फरश्या लख्ख, जेवण गरम. सगळे पुरुष एकसारख्या राखाडी सदऱ्यांत. बाळूची उजवी मूठ घट्ट मिटलेली. डाव्या हाताने सांडत जेवत होता. तिथे काम करणारी जानीबाय म्हणाली, "भाऊ तुमचा भलता हट्टी. मूठ उघडली तं आतला वाघच पळंल जसा!" सगळ्यांबरोबर मीही हसले. वर त्याला रागावले. अगदी आईच्या आवाजात. त्याने मान खाली घातली.

१६ मार्च
आज नुसती शेजारी बसले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ताई, धर." मूठ उघडली. चिंचोके. तळव्यावर त्यांचे वळ. पर्समध्ये ठेवले, तसा लगेच उजव्या हाताने जेवू लागला.

सदऱ्याला खिसाच नाही. कुणाच्याच नाही.

"खिसं नाय ठेवत, बाय," जानीबाय म्हणाली. "दगडं भरतात, मशीनची वाट लागते. पाणी टँकरचं, परत कोण धुणार?"

शाळेत असताना कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात आम्हा मुलींनाही गणवेशच होता. पण प्रत्येकीची पत्र्याची पेटी असायची. सिस्टरसुद्धा विचारल्याशिवाय उघडत नसत. बाळूला ठेवताना मी फरश्या पाहिल्या. त्याचे असे काही कुठे राहील, हे विचारलेच नाही.

२० मार्च
संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "एकाला खिसा दिला की सगळे मागतील."
"सगळ्यांना शिवते."
"आणि धुण्याआधी रिकामे कोण करणार?"
"घाला माझ्याच गळ्यात," जानीबाय दारातून.
मॅडम हसल्या. सदऱ्यांचे गाठोडे दिले. "शिवा. जमले तर ठेवू, नाही तर उसवू."

निघताना बाळूला विचारले, "घरी येतोस?" म्हणाला, "पापड?" हे हो की नाही? मी पुन्हा विचारले नाही. हो म्हणाला असता तर...

२ एप्रिल
उद्या नाशिकला गुडघ्याचे ऑपरेशन. पाऊस लागेपर्यंत तरी मला मोखाड्याची वाट बंद. शेजारच्या सुमनला हे पान देऊन जाते:

सुमन, सदरे सगळे पोचव, एकट्या बाळूचा नको. पापडही सगळ्यांना. जानीबायला वेगळा डबा. खिसे ती रिकामे करणार आहे. करेल ना? उसवलेले दिसले तर मला खरे सांग. लपवू नकोस.

पुडीतले चिंचोके बाळूचे. खिशात तू घालू नकोस. त्याच्या हातावर ठेव, आणि थोडी थांब.